टोळी यायच्या आत

पितृपंधरवडा उरकत आला की आमच्या कृष्णाकाठच्या गावांत घरं धुवायला निघतात. गोधड्या नदीवर जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात, कपाटाच्या तळातली जुनी पातळं बोचक्यात बांधून बाहेर ठेवली जातात. घटस्थापनेच्या आत घर लख्ख हवं. याच दिवसांत तिकडे बीड जिल्ह्यात, धारूर, वडवणी, केज, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवर, वेगळीच आवराआवर चालू असते. पीठमीठ, पत्र्याची पेटी, दोन पातेली, कोयते, शेळी, लेकरं. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, दिवाळी सरली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि आठवडाभरात आमच्या बांधावर येऊन उतरतात.

म्हणजे हातात महिना-सव्वा महिना आहे. हे आवाहन तेवढ्या दिवसांसाठी आहे.

सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक घराकडे, प्रत्येक सभासद शेतकऱ्याकडे, प्रत्येक बचत गटाकडे माझं मागणं आहे. येत्या हंगामात तुमच्या शिवारात जी टोळी उतरेल, तिच्यातल्या बायकांना पाळीच्या दिवसांत जे लागतं ते टोळी यायच्या आत तयार ठेवा. रक्त शोषणारं कापड किंवा पॅड, आतले कपडे, साबण, आडोसा, पाणी. आणि त्या दिवसांत तिचा खाडा कापला जाणार नाही, एवढा शब्द.

मी हे का मागते आहे, ते आधी सांगते.

जानेवारीतली संध्याकाळ होती. आमच्या आडसाली उसाला तोड आली होती आणि टोळी विहिरीजवळच्या पडीक तुकड्यात कोपी घालून राहिली होती. मी परसात गेले तर धुण्याच्या दगडापाशी एक बाई उभी. पंचविशीची असेल. पदराचं टोक तोंडात धरलेलं. म्हणाली, "ताई, जुनं पातळ हाय का एखांदं?"

कशाला, ते मी विचारलं नाही. थंडी पडली आहे, लेकराला पांघरायला हवं असेल, असं धरून चालले. कपाटातून एक साडी काढून दिली. फुलाफुलांची, नायलॉनची, अजून नेसता येण्यासारखी. देताना मला बरंच वाटलं.

चार दिवसांनी ती परत आली. साडी धुऊन घडी करून आणलेली, एका अंगानं फाडलेली. "ताई, सुती असंल तर द्या. हे कापड पेत न्हाई."

'पेत न्हाई' म्हणजे काय, हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आल्यावर मी तिला ओट्यावर बसवलं. ती बसायला तयार नव्हती, कपड्यांना डाग असेल म्हणून. मग ती उभ्यानंच थोडंथोडं बोलली. चार दिवस ती रोज पहाटे फडात गेली होती. कापायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायची. त्या न पिणाऱ्या कापडानं मांड्या सोलवटल्या होत्या. कापड धुवायचं पाटाच्या पाण्यात, तेही अंधार पडून बाप्ये कोपीत शिरल्यावर. वाळवायचं कोपीच्या आत, दुसऱ्या लुगड्याखाली, कुणाला दिसू नये असं. थंडीत ते वाळत नाही. सकाळी ओलंच घ्यायचं. "रातीला गाडी आली की भराया उठावं लागतं. मग हाय तसंच."

टोळीला पाणी आम्ही देत होतो. मोटरीचं, पिण्यापुरतं. शेजारचे काही लोक तेवढंही देत नाहीत, आपण देतो, याचं मला समाधान होतं. माझ्या घरात दोन न्हाण्या होत्या आणि माझ्या न्हाणीपासून दोनशे पावलांवर ही बाई पाळीच्या दिवसांत अंधाराची वाट बघत बसली होती. तिचं मागणं मला समजायला एक फाटकी साडी परत यावी लागली, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

ऊस तोडायला येणाऱ्या जोडप्याला आपल्याकडे 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि हंगामभर फेडायची तीही कोयत्यानंच. दोघांपैकी एक जरी बसलं तरी खाडा धरतात. अनेक टोळ्यांत एका दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपयांच्या आसपास कापतात. बाई चार दिवस बसली तर दोन हजार गेले, आणि ते तिच्या हातातून जात नाहीत, नवऱ्याच्या नावावरच्या उचलीत वाढतात. आठवड्याची खर्चीही नवऱ्याच्याच हाती येते. त्यातून तेल, मीठ, ज्वारी, तंबाखू, लेकराचं औषध. पॅड घ्यायचं तर तिनं त्याच्याकडे पैसे मागायचे आणि त्यानं परक्या गावात दुकानदाराकडे ते मागायचं. असं होत नाही. म्हणून कापड. आणि कापड म्हणजे हाताला लागेल ते कापड.

दिवसभराचं तर आणखी वेगळं आहे. फडात ऊस उभा असतो तोवर तेवढा आडोसा असतो. तोड जसजशी पुढे सरकते तसतसा तो आडोसा ती स्वतःच्या कोयत्यानं कापत जाते. दुपारपर्यंत तिच्या भोवती नुसतं पाचट आणि उघडं रान. कापड बदलायला जागा कुठली? मग ती सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे उठावं लागू नये. जानेवारीत हे कसंबसं निभतं. मार्चच्या उन्हात काय होत असेल, हे ज्यानं मार्चमध्ये शेतात अर्धा तास काढला आहे त्याला सांगायला नको.

इथून पुढचा रस्ता कुठे जातो, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात आहेत, अशा बातम्या आल्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शेकडा तीनच्या आसपास आहे. 'पिशवी काढली', एवढ्या दोन शब्दांत बायका ते सांगतात, दाढ काढल्यासारखं.

त्यावर चर्चा खूप झाली. डॉक्टर लुबाडतात, बायका अडाणी, नवरे जबरदस्ती करतात, मुकादमच सांगतात. यातलं काही ना काही कुठे ना कुठे खरं असेल. पण माझ्या परसात उभ्या असलेल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की मला त्यामागचा हिशेब समजतो. ओल्या कापडानं जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. दाखवायला जायचं तर खाडा. म्हणून हंगामभर अंगावर काढायचं. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात जायचं, तिथे कुणीतरी पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल म्हणून घाबरवतं. दोन लेकरं झालेली असतात, नसबंदी झालेली असते. मग वाटतं, कटकट एकदाची जाऊ दे. पाळीही जाईल, खाडाही जाईल. ऑपरेशनला पैसे मुकादमाकडून, म्हणजे उचल वाढली, म्हणजे पुढच्या हंगामाला पुन्हा फड. तिशीत पिशवी गेलेली बाई, आणि सोबत अंडाशयंही काढली असतील तर हाडं ठिसूळ व्हायला लागलेली, अंगाची आग होणारी, तीच मोळी डोक्यावर घेऊन चढते आहे.

२०१९ च्या त्या बातम्यांनंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. हे गरजेचंच होतं. पण परवानगीचा कागद ऑपरेशन अडवतो, ओलं कापड अडवत नाही. ते जिथे घडतं ती जागा आमच्या गावांत आहे, सहा महिने आमच्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून बीडकडे बोट दाखवून आम्हाला मोकळं होता येणार नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या शेकडा ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शेकडा फक्त ८. त्या बायका काही लपवत नव्हत्या. त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याला आता पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या शिवारातल्या टोळीला तरी कुणी विचारलं आहे?

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणणं बरोबर होणार नाही. २०१८ च्या जुलैत सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी गेला. त्याच वर्षी ८ मार्चला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. २०१९ च्या ऑगस्टपासून जनऔषधी केंद्रावर एक रुपयाला एक पॅड मिळतं. या सगळ्याचा उपयोग झाला आहे. पण शाळेतून मिळणारं पॅड शाळेत असलेल्या मुलीला मिळतं. टोळीबरोबर आलेली तेरा वर्षांची पोरगी हंगामभर कोपीत असते, धाकटं भावंड कडेवर घेऊन. कितीतरी पोरींना पहिली पाळी इथेच येते, आमच्या पडीक तुकड्यात. घर मागे राहिलेलं, आजी मागे राहिलेली, आई फडात. तिच्यासाठी कुठल्याच योजनेत खिडकी उघडत नाही, कारण ज्या गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव आहे त्या गावात ती नाही.

तोडणीचा टनाचा दर ठरवायला वाटाघाटी होतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती मिळायलाच हवी होती. पण टनाच्या दरात न्हाणी येत नाही.

आता खर्चाचं. एका पाळीला दिवसाला चार याप्रमाणे चार दिवसांचे सोळा पॅड धरा. हंगामात सहा पाळ्या. म्हणजे ९६ पॅड, जनऔषधीच्या भावानं ९६ रुपये. दहा कोयत्यांच्या टोळीत दहा बायका, म्हणजे पूर्ण हंगामाचे ९६० रुपये. दोन खाड्यांचेही पैसे नाहीत हे. तोड होताना आपण टोळीला खुशाली देतो, शेवटच्या दिवशी कोंबडं देतो. एका शेतकऱ्याला एका टोळीसाठी हे जड नाही, आणि ते एकट्यानं करायचंही नाही. एका टोळीकडून हंगामात कितीतरी शेतकऱ्यांचा ऊस तुटतो.

मात्र नुसते पॅडचे पुडे नेऊन वाटू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. हे मी चुका करून शिकले. त्या प्रसंगानंतरच्या हंगामात आम्ही चौघी-पाचजणींनी वर्गणी काढून पॅड नेऊन दिले. बायकांनी घेतले, हसल्या. नंतर कळलं की अर्ध्याहून जास्त पुडे तसेच पेटीत पडले आहेत. का? पॅड चिकटवायचं कशाला? त्यांच्यापैकी बऱ्याच जणी लुगड्याच्या आत काहीच घालत नव्हत्या. आणि वापरलेलं पॅड टाकायचं कुठे, हा दुसरा प्रश्न. कापड निदान धुता येतं. पॅड पाचटात टाकलं तर कुत्रं ओढतं आणि सगळ्या टोळीसमोर शोभा होते.

'गूंज' ही अंशू गुप्तांची संस्था हे काम फार आधीपासून करते आहे. शहरांतून जुने सुती कपडे गोळा करायचे, धुऊन, कापून, त्यांचे पॅड करायचे आणि गावोगावी पोचवायचे. 'नॉट जस्ट अ पीस ऑफ क्लॉथ' हे त्यांच्या या उपक्रमाचं नावच आहे. पुण्यातली 'समाजबंध' जुन्या सुती कपड्यांचे पॅड शिवून आदिवासी पाड्यांवर नेते, आणि पॅडबरोबर पाळीबद्दल बोलते. कोइमतूरचे मुरुगनंतम यांनी स्वस्त पॅडचं यंत्र बनवलं, ते तर सिनेमामुळे घराघरांत माहीत आहे. या सगळ्यांकडून मी एक गोष्ट घेतली. वस्तू देण्याआधी ती बाई ती वस्तू कुठे उभी राहून वापरणार आहे, ते बघायचं.

कापड वाईट आणि पॅड चांगलं, हा समजही सोडून द्यायला हवा. देशातल्या तरुण मुलींपैकी जवळजवळ निम्म्या आजही कापड वापरतात, आणि स्वच्छ सुती कापड, साबणानं धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं, यात काही कमी नाही. आपल्या आज्यांनी जन्म त्यावर काढला. घात होतो तो उन्हाविना वाळवल्यामुळे, आणि ऊन मिळत नाही ते लाजेमुळे. म्हणून तिला विचारा, बाई, तुला काय सोयीचं? एखादी कापड मागेल, एखादी पॅड, एखादी घरी कापड आणि फडात पॅड. मासिक पाळीच्या कपचंही कुणी सुचवतं. केरळात आलप्पुळा नगरपालिकेनं २०१९ मध्ये पाच हजार कप वाटले, ते काम मोठं आहे. पण कप उकळायला स्वच्छ पाणी लागतं, बदलायला चार भिंती लागतात. त्या उभ्या राहिल्या की कपाचंही बोलू.

तर घरं आवरायला काढली आहेत, तेव्हा हे करा. बोचक्यात बांधलेली जुनी पातळं भांडेवालीला देण्याआधी उलगडून बघा. थेंबभर पाणी टाका. लगेच आत मुरलं तर ते सुती, त्याला बाजूला ठेवा. ओघळून गेलं तर ते आपल्या कामाचं नाही. सुती साड्या, धोतरं, पांढऱ्या चादरी, जुन्या सुती गोधड्यांची आवरणं, सगळं चालेल. गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, हुक-बटणं काढून टाका. गावात शिलाई मशीन असलेल्या बायका आहेतच. दोन दुपारी बसल्या तर टोळीपुरते घडीचे पॅड शिवून होतात. आतले कपडे मात्र नवे घ्या, प्रत्येकीला तीन, वेगवेगळ्या मापांचे. कुणाच्या अंगावरचे उतरवलेले देऊ नका. अंगाचा आणि कपड्याचा साबण, झाकणाची एक छोटी बादली, दोरी आणि चिमटे. दोरी-चिमटे विसरू नका, ते क्षुल्लक वाटतात म्हणून सगळ्यात आधी राहून जातात.

न्हाणीसाठी चार वासे, शेडनेटचा किंवा ताडपत्रीचा तुकडा, खाली दोन फरश्या, पाणी निघून जायला चर. ऊसपट्ट्यातल्या कुठल्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागे हे सामान पडलेलं नाही? टोळीचा तळ जिथे पडतो तिथे अशी एक न्हाणी आणि तिच्याच मागे उन्हाच्या अंगाला, नेटच्या आत, कपडे वाळत घालायची दोरी. नेटमधून ऊन येतं, नजर येत नाही. मागच्या हंगामात आम्ही हे केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात दोरीवर फक्त लेकरांचे कपडे दिसत होते. तिसऱ्या आठवड्यात कापडं आली. आमच्यातल्या एकीनं ते पाहिलं आणि पळत घरी सांगायला आली, इतका आनंद झाला होता.

फडात न्यायला दुसरा, हलका आडोसा करा. तीन काठ्या आणि नेट, ट्रॉलीत टाकून नेता येईल असा. ज्याचा ऊस तुटतो आहे त्या शेतकऱ्यानं तो सकाळीच बांधाकडेला उभा करायचा. कुणासाठी, कशासाठी, हे ओरडून सांगायची गरज नाही. बायकांना कळतं.

वापरलेल्या पॅडसाठी तळापासून आणि विहिरीपासून लांब, हातभर रुंद आणि कमरेइतका खोल खड्डा, वर झाकण, शेजारी मातीचा ढीग. पॅड कागदात गुंडाळून टाकायचं, वर माती. प्लॅस्टिकचं पॅड मातीत कुजत नाही, हे मला माहीत आहे, म्हणूनच मी स्वतः कापडाकडे झुकते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं २०१३ मध्ये लोकांनी उघडी टाकलेली पॅड गोळा करून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवली होती. वापरणारीची सोय बघताना उचलणारीचाही हात बघायला हवा, हे त्या बायकांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं. आमच्या शेतात उचलायला कोणी येणार नाही. खड्डा आपणच करायचा, हंगाम संपल्यावर आपणच नीट बुजवायचा.

आणि खाडा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण त्याला कापड लागत नाही, माणसं लागतात.

कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून उभे राहा. रिकव्हरी, एफआरपी, काट्याची तक्रार, यासाठी आपण उठतोच. या वर्षी एक प्रश्न असा विचारा: आपल्या कारखान्याच्या तोडणी-वाहतूक करारात पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा माफ आहे का? तळावर बायकांसाठी शौचालय आणि न्हाणी बांधण्याची तरतूद आहे का? सभा होऊन गेली असेल तर लेखी अर्ज द्या, शेतकी अधिकाऱ्याला भेटा, दहा सभासदांच्या सह्या घ्या. मजूर ठेकेदाराचे, आमचे नाहीत, असं उत्तर येईल. त्यावर म्हणावं, ऊस आमचा आहे, आणि आमच्या उसाला कुठली बाई ओल्या कापडानं हात लावते आहे हे आम्हाला माहीत आहे. दंड न कापता बसू दिल्यानं गाळप थांबत नाही. दहा कोयत्यांतली एखादी बाई एखाददुसरा दिवस बसते, तेवढंच. आपल्यापैकी जे मुकादम हे वाचत असतील त्यांनाही सांगते, तुमच्यातले बरेचजण स्वतः टोळीतूनच वर आलेले आहेत. आईनं काय काढलं ते तुमच्याइतकं मला माहीत नाही.

शेतकऱ्याच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या फडात ज्या दिवशी तोड असेल त्या दिवशी मुकादमाला स्पष्ट सांगायचं की कुणाला बरं नसेल तर तिला वाढं बांधायला किंवा सावलीत लेकरांजवळ बसवा, मी तक्रार करणार नाही. गाडी तासभर उशिरा भरेल. भरू दे.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना आणि मेडिकल कॉलेजांना माझं वेगळं मागणं आहे. महिन्यातून एक दिवस तळावर या. संध्याकाळी या, कारण दिवसा तिथे कोणी नसतं. बाई डॉक्टर असेल तर उत्तम, आशाताई आणि परिचारिका सोबत असू द्या. पांढरं जाणं, खाज, लघवीची जळजळ यावर साध्या औषधांनी वेळेत उपचार झाले तर कित्येकींचा पिशवी काढण्यापर्यंतचा पुढचा रस्ता इथेच तुटेल. कुणी गावाकडे पिशवी काढायला सांगितलं असेल तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत मिळवून द्या, तिथवर नेऊन परत आणण्याची गाडी आम्ही बघू. तपासणी झाल्यावर चिठ्ठी द्या, तिच्या हातात, सोप्या मराठीत. एप्रिलमध्ये ती गावी जाईल तेव्हा तिथल्या डॉक्टरला दाखवायला तिच्याकडे काहीतरी असेल.

शहरात राहणाऱ्या, पुण्या-मुंबईतल्या, परदेशातल्या मराठी लोकांना वाटेल की आमच्याकडे शिवार नाही, फड नाही. पण तुमच्यापैकी कितीतरी जणांचं शिक्षण उसाच्या बिलावर झालेलं आहे. गावी भाऊ, चुलता, मावशी आहे. या आठवड्यात फोन करा आणि विचारा, आपल्या शेताजवळ टोळी कुठे उतरते, तिथे न्हाणी आहे का? पैसे पाठवायचे तर त्यांनाच पाठवा आणि दिवाळीला गेलात की स्वतः जाऊन बघा. स्कॉटलंडमध्ये २०२० साली कायदा झाला आणि २०२२ पासून शाळा, सार्वजनिक ठिकाणं सगळीकडे पॅड फुकट मिळणं हा हक्क झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ च्या एप्रिलमध्ये शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखं धोरण करा, असं केंद्राला सांगितलं. कायद्यासाठी भांडणारे भांडताहेत, त्यांच्यामागे उभे राहू. पण टोळी या दिवाळीनंतर येणार आहे.

देताना फोटो काढू नका. पुड्यावर कुणाचं नाव, कुणाचा वाढदिवस छापू नका. सगळ्यांना ओळीत उभं करून वाटू नका. टोळीत एक वयस्क, सगळ्याजणी जिचं ऐकतात अशी बाई असते, तिला घरी बोलवा, चहा द्या, सामान तिच्याकडे सोपवा आणि महिन्या-महिन्यानं काय संपलं ते तिलाच विचारा. पोरींशी बोलायला गावातली शिकलेली मुलगी पाठवा, बारावीतली, कॉलेजातली. तिला त्यांच्याशी बोलता येईल, आपल्याला येणार नाही.

आपल्या घरातही काही बोलावं लागेल. नवरात्रात पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणी आमच्या गल्लीत आहेत. मीही घेतल्या आहेत. घटाला शिवायचं नाही म्हणून आपण पाळी पुढे ढकलतो, खाडा पडू नये म्हणून टोळीतली बाई ढकलते, आणि दोघीही गोळ्या दुकानदाराकडून कागदात गुंडाळून आणतो. यंदा देवीची ओटी भरायला जाताना एक खण-नारळ आणि एक सुती पातळ जास्तीचं घ्या, आणि टोळी आली की ते कोपीत नेऊन द्या. त्या बाईला शिवलं म्हणून देवी रागावेल, असं मला कोणी सांगू नये.

आमच्या गावात घटस्थापनेच्या आदल्या दुपारपर्यंत मारुतीच्या देवळाच्या पारावर आम्ही कापड गोळा करतो आहोत. अठ्ठावीस पातळं कालपर्यंत जमली, त्यांतली एकोणीस पाणी पिणारी निघाली. तीन टोळ्या येतात, अजून बरंच लागेल. तुमच्या गावात पार असेल, समाजमंदिर असेल, बचत गटाची खोली असेल. आज संध्याकाळी दोघीजणी बसा आणि कारखान्याच्या शेतकी गटाच्या कार्यालयात फोन करून विचारा, आपल्या शिवारात या हंगामाला किती कोयते उतरणार आहेत. आकडा घ्या आणि तेवढ्या बायका धरून कामाला लागा.